शब्दचर्चा : बकरं ‘पडलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

आमच्या बेळगाव तालुक्यात गावच्या लक्ष्मीची यात्रा आली की एकच क्रियापद सगळीकडं ऐकू येतं. ‘पाटलांच्यात दोन बकरी पडली.’ ‘तुमच्यात किती पडणार?’ पुण्यातल्या माझ्या मेहुण्यानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, ‘कुठं, विहिरीत?’ आम्ही हसलो, पण मला ते लागून राहिलं. फळ पडतं, पाऊस पडतो, भिंत पडते. बकरं आपण होऊन कुठं पडतं? ‘पाडणे’ मराठीत आहेच की! ते सोडून ‘पडलं’ म्हटलं की सुरी धरणारे मुलाणीमामा, दोर धरणारा मी आणि ताटावर बसलेले पाहुणे असे सगळेच वाक्यातून बाहेर. वर ‘बकरं केवढ्याला पडलं?’ हेही त्याच क्रियापदात.

दुसरा शब्द ‘झाडलं’. मी सातवीत असेन. चार महिने शेवरीचा पाला मीच घालत होतो, म्हणून दोर माझ्या हातात दिलेला. बकरं माझ्याजवळ गप उभं, माझ्या चड्डीचं टोक चघळत. कपाळाला हळदकुंकू, गळ्यात झेंडूचा हार, त्यातली दोन फुलं त्यानं आधीच खाल्लेली. आज्जीनं तांब्यातलं पाणी त्याच्या पाठीवर सोडलं. काही नाही. माणसं गप. मग मानेवर, कानांवर ओतलं, तसं त्यानं डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. थेंब माझ्या तोंडावर उडाले. ‘झाडलं, झाडलं!’ आज्जी म्हणाली, ‘घेतलं गा देवीनं.’ झाडणे म्हणजे होकार देणे, हा अर्थ मला त्या दिवशी कळला. केर झाडणे, गोळी झाडणे, भूत झाडणे हे सगळं कोशात मिळेल. बकऱ्याच्या लेखी अर्थ एवढाच की कानात पाणी गेलं.

तर प्रश्न असा : दावणीच्या बाजूनं ऐकले तर कसे लागतील, असे आणखी कुठले शब्द तुमच्याकडं आहेत?

खानापूरहून :
आमच्याकडं ‘सोडलेलं’. देवाला सोडलेला बोकड गावभर हिंडतो, कुणाच्याही परड्यात तोंड घालतो, कुणी काठी उगारत नाही. गळ्यात दावं नाही (दावं, दावण हे संस्कृत ‘दामन्’चेच वंशज). बोकडाला विचाराल तर सगळ्यात सुखाचा शब्द तो हाच सांगेल. देवळाच्या आवारात बळी द्यायला कर्नाटकात १९५९ च्या कायद्यानं बंदी आहे. आमच्या गावात आता त्याला शेताकडं नेतात, पण म्हणायचं ‘सोडलेलं’च.

पुण्याहून :
उगाच भाषेत पाप शोधताय. मरणाचं नाव टाळायची रीत सगळीकडंच आहे. आपण ‘आजोबा वारले’, ‘गेले’ म्हणतोच ना?

मूळ लेखक :
म्हणतो. पण आजोबा आपले आपण जातात. ‘वारलं’ हा शब्द बकऱ्याला लावून बघा, लगेच हसू येईल. तिथंच फरक आहे.

चिकोडीहून :
कानडीत ‘कोय्’. भाताला तेच, कोंबडीला तेच. आपला कोयता तिथलाच असावा. मराठीतही भात ‘कापतात’ आणि कोंबडं ‘कापतात’. आमच्या परसातली कोंबडी सुगीला खळ्यावर दाणे टिपत असते तेव्हा हे ऐकते, आणि यात्रेच्या आदल्या संध्याकाळीही.

निपाणीहून :
म्हशीबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्यात ती ‘बाजारला जाते’. जत्रेला जावं तशी. तिच्या वाईटाची सुरुवात ‘भाकड’ या शब्दापासून. गाभण होती तोवर पेंड, व्याली तेव्हा गूळ-बाजरी, आटली की भाकड. हाच शब्द भाकडकथेत, म्हणजे फुकट, कामाचं नसलेलं. म्हशीला मात्र सड मोकळे झाल्याचं बरंच वाटत असणार.

कायद्याचीही गंमत बघा. कर्नाटकाच्या २०२० च्या गोहत्या बंदी कायद्यात गाय, वासरू, बैल यांच्याबरोबर १३ वर्षांखालची म्हैस आणि रेडाही आला. पलीकडं कागलात गेलं की महाराष्ट्राचा कायदा लागू. त्यात २०१५ पासून बैल आला, म्हैस बंदीबाहेरच. नाका ओलांडला की तिची जात बदलते. आणि १३ वर्षं ओळखायची कशी? बाजारात वय दातांवर सांगतात : आदत (दुधाचे दात), दुसा (दोन पक्के), चौसा (चार), मग जुळलेला (सगळे पक्के). दात जुळतात पाच-सहा वर्षांत. पुढं फक्त झीज आणि अंदाज. व्यापारी जबडा उघडतो, अंगठा फिरवतो आणि म्हणतो, ‘जून हाय.’ जनावराचा सगळा दाखला दोन अक्षरांत!

पुण्याहून :
बरं, मग ‘कसायाला गाय धार्जिणी’चं काय करायचं? तिथं तर गाईलाच दोष दिलाय.

मूळ लेखक :
म्हण खरी आहे, पण दोष लावायची जागा चुकलीय. धार्जिणा म्हणजे मानवणारा, अनुकूल. भलं माणूस वाईटाला सोपं जातं, तेव्हा आपण ही म्हण टोमणा म्हणून वापरतो. गाईच्या बाजूनं बघा. जनावर विकायच्या दिवशी घरातल्यांचे आवाज चढलेले, डोळे पुसणं चाललेलं, दोर नको तितका ओढलेला. येणारा माणूस मात्र रोज पन्नास जनावरं हाताळणारा. हळू बोलतो, मानेखाली खाजवतो. ती त्याच्याजवळच जाणार.

आमचा शेवटचा बैल वडिलांनी गोकाककडून आणला होता, कानडी घरातला. ‘चल’ म्हटलं की उभाच. ‘थांब’ म्हटलं की चालत सुटायचा. वडील त्याला शिव्या घालायचे आणि आई म्हणायची, ‘त्याला काय कळतंय, कानडीत सांगा की ओ.’ वडिलांनी हट्टानं वर्षभर मराठीच चालवली. बेंदराला शिंगं रंगवताना तो तेवढा गप राहायचा, कारण तेव्हा कुणी बोलत नसे. पुढं पाय दुखावला, कामातून गेला. गाडी दारात आली त्या सकाळी आम्ही तिघं ढकलतोय, फळीवर खूर टाकायला तयार नाही. व्यापाऱ्यानं आम्हाला बाजूला केलं, त्याच्या वशिंडावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘नडी.’

चढला.