भिशीच्या कॉन्ट्रॅक्टमधून टोकन हलेनात

प्रश्न: सॉलिडिटीत (इथेरियम ब्लॉकचेनसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) भिशीचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम, लिहिलंय, टोकनचं वेगळं. वॉलेटमध्ये ५०० टोकन आहेत, तरी भिशीतून ट्रान्सफरफ्रॉम (दुसऱ्याच्या वॉलेटमधून टोकन हलवणारं फंक्शन) मारलं की व्यवहार रिव्हर्ट, म्हणजे रद्द. पत्ता चारदा तपासला. रात्रीचा दीड वाजलाय, डोकं चालेना.

उत्तर: अप्रूव्ह केलंस का, म्हणजे तुझे टोकन हलवायची परवानगी भिशीला दिलीस का?

प्रश्नकर्ता: हो, भिशीच्याच फंक्शनमध्ये, ट्रान्सफरच्या वरच्या ओळीत.

उत्तर: तिथेच घोळ! त्या कॉलमध्ये टोकनला एमएसजी डॉट सेंडर (कॉल करणारा) म्हणून भिशी दिसते, तू नाहीस. भिशीने स्वतःच्याच टोकनची परवानगी दिली. तुझ्या वॉलेटवरून थेट टोकनला अप्रूव्ह कर, स्पेंडर (ज्याला परवानगी द्यायची तो) म्हणून भिशीचा पत्ता दे.

दुसरं उत्तर: आणि इथर (इथेरियमचं चलन) परत देणार असशील तर आधी शिल्लक वजा, मग बाहेरचा कॉल, म्हणजे पैसे पाठवणं; नाहीतर शिल्लक घटायच्या आत समोरचा पुन्हा पुन्हा काढून घेतो. २०१६ मध्ये ‘द डाओ’ या इथेरियमवरच्या गुंतवणूक निधीतून ३६ लाख इथर याच उलट्या क्रमामुळे निसटले.

प्रश्नकर्ता: चाललं राव! वजाबाकी उद्या, आता झोपतो.