‘गव्हर्न्मेंट’च्या अभ्यासात १९६५ चा स्थलांतर कायदा का नको?

जुना मुसाफिर:
अमेरिकेत ‘गव्हर्न्मेंट’ (शासनव्यवस्था) हा विषय घेणाऱ्या मुलांसाठी ‘मास्तर’ यांनी काल पाच कायदे सुचवले: १८८३ चा पेंडलटन कायदा, १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा, १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्क कायदा आणि १९७३ चा युद्धाधिकार ठराव. स्थलांतराचा कायदा हा ‘आपल्या घरगुती जिव्हाळ्याचा विषय’ आहे, असा शेराही त्यांनी मारला, आणि त्या शेऱ्यामुळेच मी लिहायला बसलो. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने देशागणिक जागा वाटताना उत्तर-पश्चिम युरोपला झुकते माप दिले आणि आशियाला दार जवळजवळ बंद केले. पुढे १९४६ मध्ये भारताच्या वाट्याला आल्या त्या वर्षाला १०० जागा. ही विभागणी मोडणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी सही केली, तेव्हा मतदान हक्क कायद्याला दोन महिनेही झाले नव्हते. एकाच नागरी हक्क चळवळीच्या रेट्यातून आलेल्या दोन कायद्यांपैकी एक शिकवायचा आणि दुसऱ्याला घरगुती म्हणायचे, हा कुठला न्याय?

मास्तर:
सत्ता कशी चालते हे ज्यांतून कळते, ते कायदे मी निवडले. सरकारी पद न मिळाल्याने चिडलेल्या माणसाने १८८१ मध्ये अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या, म्हणून पेंडलटन कायदा होऊन सरकारी नेमणुकांत गुणवत्ता आली. अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, युद्धाधिकार ठराव केला, तरी लढाईत सैन्य धाडल्यास तिला ४८ तासांत कळवण्याच्या आणि ६० दिवसांच्या मुदतीच्या अटींतून अध्यक्ष वाटा काढतातच. तुमच्या कायद्यातून असे काय कळते?

ओटीवरची:
वर्षाला सुमारे १,४०,००० नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे (कायम वास्तव्याचे परवाने) आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, म्हणजे आइसलँडला जे माप तेच भारताला, हे तरी कळते! माझी मुलगी तीन वर्षांची असताना इथे आली, आमच्या ग्रीन कार्डाच्या रांगेतच वाढली, आणि २१ वर्षे पूर्ण होताच आमच्या अर्जातून बाहेर पडली. आज ती याच देशात विद्यार्थी व्हिसावर ‘परदेशी’ म्हणून शिकते. तिने कोणते पाच कायदे पाठ करायचे?

मास्तर:
ताई, सात टक्के हे १९९० च्या कायद्यातले आहे, १९६५ च्या नव्हे. शिवाय एका घराच्या अनुभवावरून अभ्यासक्रम ठरत नसतो.

ओटीवरची:
‘ताई’ म्हणून समजूत घालू नका. देशागणिक मर्यादा १९६५ मध्येच होती, पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला २०,००० अशी; १९९० ने तिला टक्क्यांचे रूप दिले, इतकेच. ‘मुसाफिर’ ज्याच्या आरत्या ओवाळत आहेत, तोच आमच्या रांगेचा मूळपुरुष आहे.

जुना मुसाफिर:
हा दोष मला मान्य करावा लागतो, जरी ज्या दाराने मी आत आलो त्याला नावे ठेवणे जिवावर येते. पण ‘मास्तर’ यांच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. कुटुंबीयांना प्राधान्य दिले की येणाऱ्यांचे युरोपीय वळण टिकेल, असा काहींचा हिशेब होता आणि खुद्द जॉन्सन यांनी हा कायदा क्रांतिकारी नसल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात घडले ते सगळे उलट. करणाऱ्यांच्या हातून कायदा असा निसटतो, हे पेंडलटनपेक्षा इथे अधिक स्वच्छ दिसते.

मास्तर:
बरे, सहावा म्हणून घाला, पण त्यासाठी पेंडलटनला बाहेर काढू देणार नाही. आणि मर्यादेचा धडा ‘ओटीवरची’ यांनीच लिहावा. माझ्यापेक्षा त्यांना तारखा अधिक पाठ आहेत, हे आता दिसलेच.

ओटीवरची:
पाठ केल्या नाहीत. रांगेत उभ्या माणसाला त्या आपोआप येतात.