युटोपिया, डिस्टोपिया, आणि मधल्याला काय म्हणायचं?

एका कादंबरीवर लिहितेय. त्यातलं शहर एकदम चकाचक, कुणी उपाशी नाही, भांडणतंटा नाही, सगळे खुश, पण वाचताना सारखा पोटात गोळा येतो. याला युटोपिया, म्हणजे कल्पनेतला आदर्श समाज, म्हणू की डिस्टोपिया, म्हणजे त्याचं भयाण उलटं रूप? आणि डिस्टोपियाला अंधेरनगरी चालेल का?

— अंधेरनगरी नका हो लिहू. अंधेरनगरीत कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसतो, डिस्टोपियात नेमकं उलटं, सगळं घड्याळाच्या काट्यावर, रशियन लेखक झाम्यातिनच्या ‘वुई’ या कादंबरीत तर घरांच्या भिंती काचेच्या आणि माणसांना नावाऐवजी नंबर. तिथे कारभार नाही म्हणून नाही, कारभार अति आहे म्हणून जीव गुदमरतो. आणि म्हणूनच युटोपिया आणि डिस्टोपियाची सरमिसळ होते. ज्याच्यावरून ‘युटोपिया’ हा शब्द आला ते थॉमस मोरचं १५१६ चं पुस्तकच घ्या ना. दिवसाला सहा तास काम, दाराला कुलूप नाही, सोन्याची इतकी पत्रास नाही की त्याची शौचाची भांडी करतात. मस्तच की! पण गुलामांच्या बेड्याही त्याच सोन्याच्या, आणि परवानगीशिवाय शहराबाहेर हिंडताना दुसऱ्यांदा सापडलात तर तुम्हीही गुलाम.

— मग सोप्पंय, बाहेर पडता येतं का एवढंच बघायचं. येत नसेल तर डिस्टोपिया.

— हक्सलीपाशी ही कसोटी लंगडी पडते. त्याच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीत (१९३२) ज्यांचं जमत नाही त्यांची रवानगी बेटावर, आणि तिथे त्यांच्यासारखेच विचार करणारे लोक भेटणार, म्हणजे शिक्षेच्या बाबतीत मोरपेक्षा मवाळच म्हणायचं, तरी त्याला डिस्टोपियाच म्हणतात. उर्सुला ल ग्विनच्या १९७३ च्या ओमेलासच्या कथेत तर कुणीही शहर सोडून जाऊ शकतं, काही जण जातातही. फक्त ज्याच्या हालांवर सगळ्या शहराचं सुख उभं आहे ते तळघरातलं पोर तेवढं जाऊ शकत नाही. त्यामुळे मी विचारीन, बाहेर पडता येत नाही ते कोणाला?

— मी जिच्यावर लिहितेय त्या कादंबरीत म्हाताऱ्यांना. पण ते गोष्टीत येतच नाहीत, फक्त त्यांच्या रिकाम्या खोल्या येतात.

— मग खुशाल ‘युटोपिया’ लिहा, अवतरणचिन्हात नको, आणि पुढच्याच वाक्यात त्या खोल्या आणा. ‘छुपा डिस्टोपिया’ वगैरे आधीच लिहिलंत तर वाचणाऱ्याला शोधायला काय उरलं!