मदत हवी आहे: नाताळच्या घरगुती उपासनेसाठी उतारा सुचवा

जय ख्रिस्त मंडळी. नाताळला सगळे भाऊबंद आमच्याकडे जमतात आणि फराळाच्या ताटावरच शेतीच्या वाटणीवरून टोमणे सुरू होतात. यंदा उपासनेत सौम्य बोलण्यावर १० मिनिटं बोलायचं माझ्याकडे आलंय. बायबलमधलं नीतिसूत्रे १५:१ (सौम्य उत्तराने राग शमतो) आणि याकोब ३ (जिभेवर ताबा) गेल्या वर्षी वाचून झालं. काकांना वाटलं, नेम आपल्यावरच धरलाय. इफिसकर ४:२९ (तोंडातून वाईट शब्द निघू नये) चंही तेच होईल. म्हणून येशूच्या जन्मकथेतलंच घ्यावं म्हणतो. मरीयेची बेअब्रू होऊ नये म्हणून गुपचूप वेगळं व्हायचं ठरवणारा तिचा वाग्दत्त वर योसेफ (मत्तय १:१९), की तिला धन्य म्हणणारी तिची नातलग अलीशिबा (लूक १:४२)? लहान मुलंही असतील, पाळकसाहेब नसतील. यातलं कोणतं घेतलं तर कुणाला टोचणार नाही?