मदत हवी आहे: पातळ सीआरजीओ पत्रा वापरूनही १०० केव्हीए ट्रान्सफॉर्मरचा कोअर लॉस कमी होत नाही

नमस्कार.

कोल्हापूरजवळील गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात आम्ही ११ केव्ही / ४३३ व्होल्टचे वितरण ट्रान्सफॉर्मर बनवतो. डिझाइन आणि अंतिम चाचणी या दोन्हींची जबाबदारी माझ्याकडे आहे. कोअर रचण्याच्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेले सदस्य येथे आहेत, म्हणून प्रश्न सर्व आकड्यांसह मांडत आहे.

आम्ही पूर्वी ०.२७ मिमी जाडीचा सीआरजीओ पत्रा (कण एकाच दिशेत असलेल्या सिलिकॉन पोलादाचा पत्रा) वापरत होतो. १०० केव्हीएच्या तीन लेगच्या (उभ्या दांड्यांच्या) कोअरचे, म्हणजे पत्त्या रचून केलेल्या चुंबकीय गाभ्याचे, वजन सुमारे २१० किलो असते आणि चुंबकीय घनता १.५ टेस्ला धरलेली आहे. त्या पत्र्याच्या प्रमाणपत्रात १.५ टेस्लाला किलोमागे ०.८५ वॅट लॉस होता, म्हणजे नुसत्या पत्र्याच्या हिशेबाने १७९ वॅट, आणि तयार कोअरवर नो-लोड लॉस (भार नसतानाचा, म्हणजे मुख्यतः कोअरचा लॉस) २१५ वॅटच्या आसपास मोजला जात असे. प्रत्यक्ष लॉस आणि प्रमाणपत्रावरून काढलेला लॉस यांचे गुणोत्तर, ज्याला आपण बिल्डिंग फॅक्टर म्हणतो, ते १.२ येत होते आणि आमच्या पद्धतीच्या कोअरसाठी ते मला मान्य होते.

आता आम्ही ०.२३ मिमीचा पत्रा घेतला आहे. तो लेझर-स्क्राइब केलेला (लॉस कमी करण्यासाठी पृष्ठभागावर लेझरने रेषा ओढलेला) नाही, साध्या प्रतीचा आहे, आणि प्रमाणपत्रानुसार त्याचा लॉस १.५ टेस्लाला किलोमागे ०.७३ वॅट आहे. तेवढ्याच वजनाला हे १५३ वॅट होतात आणि बिल्डिंग फॅक्टर १.२ राहिला तर कोअरचा लॉस १८४ वॅटच्या आत यायला हवा. प्रत्यक्षात तो २२० वॅट येत आहे, म्हणजे फॅक्टर १.४४ वर गेला आहे. एडी करंटमुळे (पत्र्याच्या आतच फिरणाऱ्या विद्युत प्रवाहांमुळे) होणारा लॉस पत्र्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ०.२७ वरून ०.२३ वर आल्यावर तो भाग सुमारे २७ टक्क्यांनी घटायला हवा होता. महाग पत्रा घेऊन पूर्वीइतकाच लॉस मिळत असेल, तर पत्र्यातून मिळालेला सगळा लाभ कापणी आणि रचणी यांच्या दरम्यान कुठेतरी नाहीसा होत आहे, असेच मला म्हणावे लागते.

या ३६ वॅटांना मी एवढे महत्त्व का देतो, तेही सांगतो. वितरण ट्रान्सफॉर्मरच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ११८० मध्ये, नो-लोड लॉस आणि लोड लॉस यांना वेगळी मर्यादा नसून ५० टक्के आणि १०० टक्के भारावरील एकूण लॉसला मर्यादा आहे. आमच्या निविदेत १०० केव्हीएसाठी ती ५० टक्के भारावर ४७५ वॅट आणि पूर्ण भारावर १,६५० वॅट आहे. निम्म्या भारावर वाइंडिंगचा (तारेच्या वेटोळ्यांचा) लॉस पूर्ण भाराच्या चौथ्या भागाएवढाच असतो, परंतु कोअरचा लॉस तसाच पूर्णच्या पूर्ण राहतो, त्यामुळे खरी अडचण ४७५ च्या मर्यादेतच येते. कोअर १८४ वॅटचा असेल तर वाइंडिंगला १,१६४ वॅट मिळतात, आणि तोच २२० वॅटचा झाला तर फक्त १,०२० वॅट उरतात. कोअरमधील एक वॅट वाढला की वाइंडिंगमधून चार वॅट कमी करावे लागतात आणि त्यासाठी जाड तार वापरावी लागते, तार जाडावली की खिडकी (कोअरमधील वाइंडिंगची जागा) मोठी होते आणि खिडकी मोठी झाली की कोअरचे वजन पुन्हा वाढते. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर गावठाण फीडरवरील ट्रान्सफॉर्मर वर्षाचे ८,७६० तास चालू राहतो, म्हणजे हे ३६ वॅट प्रत्येक ट्रान्सफॉर्मरमागे वर्षाला सुमारे ३१५ युनिट खातात, आणि ते सुद्धा कोणाचाही दिवा अथवा पंप चालू नसताना.

आमची पद्धत अशी आहे. अरुंद कॉइल विकत घेऊन ४५ अंशांत लांबीनुसार कापणी येथेच होते, जॉइंट साधा मिटर (४५ अंशांत जुळवलेला) आहे, त्यात स्टेप-लॅप (प्रत्येक पत्तीची फट पायरीसारखी थोडी सरकवण्याची रचना) नाही आणि पत्त्या दोन-दोनच्या जोडीने हाताने रचल्या जातात. लेगमध्ये बोल्ट नाहीत, तेथे रेझिन ग्लास टेप बांधतो, मात्र योकमध्ये (लेग जोडणाऱ्या आडव्या भागात) इन्सुलेटेड बोल्ट आहेत. कापलेल्या पत्त्यांचे ॲनिलिंग (तापवून ताण घालवणे) आम्ही करत नाही.

मला तीन गोष्टींत मार्गदर्शन हवे आहे. वाढलेला लॉस कापणीच्या बरमुळे (कडेला उरणाऱ्या धारदार कंगोऱ्यामुळे) आहे, पत्र्यावर आलेल्या ताणामुळे आहे की जॉइंटमुळे, हे कोअर न मोडता कसे वेगळे करता येईल? आमच्यासारख्या लहान कारखान्याने स्टेप-लॅपकडे वळणे योग्य ठरेल का? आणि ०.२३ मिमीच्या पत्त्यांचे ॲनिलिंग करून घेण्यात अर्थ आहे का? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

प्रतिसाद: निवृत्त चाचणी अभियंता, सांगली

आपण आकडे दिलेत हे फार बरे केलेत. कोअरकडे वळण्यापूर्वी मोजमापाची खात्री करून घ्यावी, कारण २२० वॅटमधील काही वॅट मीटरचे असू शकतात. नो-लोड चाचणीत पॉवर फॅक्टर फार कमी असतो आणि कमी पॉवर फॅक्टरसाठी न बनवलेला वॅटमीटर त्या ठिकाणी लक्षणीय चूक दाखवतो. दुसरे असे की कोअरमधील कमाल चुंबकीय घनता व्होल्टेजच्या सरासरी मूल्यावर ठरते, आरएमएस (वर्गांच्या सरासरीच्या वर्गमूळाच्या) मूल्यावर नव्हे. लहान व्हेरिॲकमधून (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून) पुरवठा दिला की मॅग्नेटायझिंग करंटमुळे व्होल्टेजची लहर विकृत होते. लहरीचे माथे चपटे झाले असतील तर आरएमएस मीटरवर ४३३ व्होल्ट दिसत असताना कोअर प्रत्यक्षात १.५ टेस्लापेक्षा वर चाललेला असतो. म्हणून आरएमएसमध्ये अंकित केलेल्या सरासरी-मूल्याच्या व्होल्टमीटरवर व्होल्टेज लावावे, आरएमएस मीटरचे वाचन शेजारी नोंदवावे, आणि दोन्हींतील फरकाला सरासरी मीटरच्या वाचनाने भागून येणाऱ्या गुणकाने लॉस दुरुस्त करावा. अर्थात जुने २१५ वॅट याच मीटरवर आणि याच व्हेरिॲकवर मोजलेले असतील, तर फॅक्टरमधील वाढीचे सगळे कारण येथे सापडणार नाही, तरीही पाया पक्का हवा.

कोअर न मोडता कारणे वेगळी करण्याचा मार्ग आपल्याच चाचणी विभागात आहे. दुप्पट वारंवारतेच्या चाचणीसाठी आपल्याकडे १०० हर्ट्झचा मोटर-अल्टरनेटर संच असेल. ५० हर्ट्झवर निम्मे व्होल्टेज आणि १०० हर्ट्झवर पूर्ण व्होल्टेज दिले की दोन्ही वेळा घनता सारखीच, ०.७५ टेस्ला राहते आणि इन्सुलेशनवरही जास्तीचा ताण येत नाही. दोन्ही लॉसना आपापल्या वारंवारतेने भागावे. हिस्टेरेसिसचा (चुंबकत्व उलटसुलट होताना होणारा) प्रत्येक आवर्तनातील लॉस वारंवारतेने बदलत नाही, एडीचा दुप्पट होतो. जुन्या ०.२७ च्या एखाद्या चांगल्या कोअरवर हेच मोजून तुलना करावी. नव्या पत्र्यात एडीचा भाग घटायला हवा असताना तो वाढलेला दिसला तर पत्त्या एकमेकींना विद्युतदृष्ट्या चिकटल्या आहेत, म्हणजे बर किंवा खराब झालेले कोटिंग. एडीचा भाग अपेक्षेप्रमाणे आणि हिस्टेरेसिसचा वाढलेला असेल तर संशय ताणावर घ्यावा. जॉइंटचा दोष मात्र ०.७५ टेस्लावर बराचसा झाकला जातो, कारण तेथील स्थानिक संपृक्तता (पत्रा आणखी चुंबकीय प्रवाह वाहू न शकणे) वरच्या घनतेवरच येते. त्यासाठी ५० हर्ट्झवर व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवत नो-लोड करंट पाहावा. लॉसच्या तुलनेत करंट फार वेगाने चढत असेल तर जॉइंटमध्ये फटी आहेत.

प्रतिसाद: टूलरूम चालक, शिरोली

माझा अंदाज बरकडे झुकतो, कारण आपण जाडी बदललीत. कापणीच्या ब्लेडमधील अंतर पत्र्याच्या जाडीनुसार ठेवावे लागते, आणि ०.२७ साठी लावलेल्या अंतरावर ०.२३ चा पत्रा कापला तर कड तुटण्याऐवजी वाकते. अनुभव असा आहे की बर २० मायक्रॉनच्या आत राहिला पाहिजे. पत्तीच्या कडेवर आणि कडेपासून थोडे आत असे दोन ठिकाणी मायक्रोमीटरने मोजा, फरक म्हणजे बर. तो कापणीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळा येतो, म्हणून एकाच पत्तीवर विसंबू नका. कॉइल दुसऱ्याकडून चिरून येत असेल तर लांब कडांचा बर त्याच्या यंत्राचा असतो आणि ४५ अंशांच्या कडांचा तुमच्या यंत्राचा, दोन्ही स्वतंत्र मोजा. रचताना सर्व पत्त्यांचा बर एकाच बाजूला राहील हे पाहा. एकाच कडेवर पत्त्या जुळल्या तर करंटला वाट पुरी मिळत नाही, दोन्ही कडांवर जुळल्या की वेढा पूर्ण होतो आणि पत्त्या करण्याचा हेतूच संपतो. ब्लेडला धार लावून घेण्यासाठी कोल्हापूरच्या बाहेर जाण्याची गरज नाही, उद्यमनगरात हे काम उत्तम होते. कार्बाइडचे ब्लेड महाग पडले तरी सीआरजीओसारख्या कठीण कोटिंगच्या पत्र्याला तेच टिकतात.

प्रतिसाद: ट्रान्सफॉर्मर डिझाइनर, पुणे

जॉइंटविषयी लिहितो. साध्या मिटर जॉइंटमध्ये फटीपाशी आलेला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) शेजारच्या पत्तीत उडी घेतो, म्हणजे त्या पत्तीला दुप्पट फ्लक्स वाहावा लागतो. १.५ ची दुप्पट ३ टेस्ला होते, आणि हा पत्रा २.०३ टेस्लाच्या आसपास संपृक्त होतो, म्हणून उरलेला फ्लक्स हवेच्या फटीतून जातो. फ्लक्स उडी घेताना पत्त्यांच्या पृष्ठभागाला लंब वाहतो आणि त्या जागी एडी करंट रुंद वर्तुळांत फिरतात, त्यामुळे लॉस आणि गुणगुण दोन्ही वाढतात. पाच पायऱ्यांच्या स्टेप-लॅपमध्ये एका फटीचा फ्लक्स चार शेजाऱ्यांत वाटला जातो: १.५ ला ५ ने गुणून ४ ने भागले की १.८८ टेस्ला, म्हणजे संपृक्ततेच्या खाली. आपल्या घनतेला पाच पायऱ्या पुरतात. १.७ टेस्लावर मात्र त्याच हिशेबाने २.१३ येतात, तेथे सात पायऱ्या लागतात.

स्टेप-लॅपसाठी स्वयंचलित रचणीचे यंत्र लागत नाही. कापणीच्या यंत्राला प्रत्येक पत्ती ठरावीक अंतराने सरकवून कापता आली पाहिजे आणि रचणाऱ्याने क्रम मोडता कामा नये. तरीही माझे मत असे की हा बदल दुसऱ्या टप्प्यात करावा. आपला जुना कोअर याच साध्या जॉइंटवर १.२ फॅक्टर देत होता, म्हणजे १.४४ चे कारण जॉइंटच्या प्रकारात नसावे. पत्त्यांची संख्या वाढल्यामुळे जॉइंटमधील फटी मोठ्या राहत असतील, तर ते फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) लगेच कळेल.

ताणाचे म्हणाल तर सीआरजीओ त्याला फार नाजूक आहे. पातळ पत्ती दोन टोकांना धरून उचलली की मध्ये वाकते, जॉइंट बसवताना हातोडीने ठोकली की कडेचे कण विस्कटतात, आणि क्लॅम्प गरजेपेक्षा जास्त आवळले तरी लॉस वाढतो. कापणीचा ताण कडेपासून काही मिलिमीटर आत जातो, त्यामुळे लहान ट्रान्सफॉर्मरच्या अरुंद पत्त्यांना त्याची झळ मोठ्या ट्रान्सफॉर्मरपेक्षा अधिक बसते. योकमधील बोल्टही काढून टाकावेत असे मी सुचवेन. भोकाभोवती फ्लक्स वळतो आणि भोकाच्या कडेला पुन्हा बर येतोच. योक बाहेरून पट्ट्यांनी आवळता येतो.

ॲनिलिंगने कापणीचा ताण जातो हे खरे आहे, परंतु त्यासाठी ८०० अंशांच्या थोडे वर, कोरड्या नायट्रोजनमध्ये, पत्त्या सपाट ठेवून तापवाव्या लागतात. पत्तीवर तेल राहिले तर कार्बन आत जातो आणि पत्रा कायमचा खराब होतो. शिवाय पुढे कधी लेझर-स्क्राइब केलेला पत्रा घेतलात तर त्याचे ॲनिलिंग करूच नये, स्क्राइबिंगचा परिणाम त्या तापमानाला पुसला जातो.

मूळ लेखक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगलीच्या सरांनी सांगितलेली दोन वारंवारतांची चाचणी आणि शिरोलीच्या मित्रांनी सांगितलेली बरची मोजणी या आठवड्यातच करतो, आणि तोवर ०.२३ मिमीची पुढील कापणी थांबवली आहे. पुण्याच्या सरांना एक विचारायचे आहे: प्रमाणपत्रातील ०.७३ हा आकडाच खरा आहे की नाही, हे तपासण्यासाठी पत्रा प्रयोगशाळेत पाठवावा का, आणि नमुना कसा द्यावा?

प्रतिसाद: ट्रान्सफॉर्मर डिझाइनर, पुणे

जरूर पाठवा. वडोदऱ्याच्या एर्डा किंवा बेंगळुरूच्या सीपीआरआय या विद्युत चाचणी संस्थांकडे चौकशी करा. एपस्टाइन चाचणीसाठी (पत्र्याचा लॉस मोजण्याच्या प्रमाणित चाचणीसाठी) ३० मिमी रुंद आणि २८० ते ३२० मिमी लांब पट्ट्या लागतात. त्या पत्र्याच्या लाटण्याच्या दिशेने कापलेल्या असाव्यात आणि त्यांची संख्या चारच्या पटीत असावी. साध्या प्रतीच्या सीआरजीओच्या पट्ट्या मोजणीपूर्वी ॲनिल करण्याचीच रीत आहे, त्यामुळे प्रमाणपत्रातील आकड्यात कापणीचा ताण धरलेलाच नसतो. म्हणून पट्ट्या आपल्याच यंत्रावर कापा, प्रयोगशाळेला त्या आधी तशाच मोजायला सांगा आणि नंतर ॲनिल करून पुन्हा मोजायला सांगा. ॲनिलिंगनंतरचा आकडा ०.७३ च्या जवळ आला तर पत्रा निर्दोष आहे, आणि दोन मोजण्यांतील फरक हा आपल्या कापणीचा हिस्सा. ३० मिमीची पट्टी आपल्या बहुतेक पत्त्यांपेक्षा अरुंद असल्याने कोअरमधील हिस्सा त्याहून कमी असेल, एवढे मात्र हिशेबात धरा.