९८० डायोड लेझर केल्यावर ३ महिन्यांत पॉकेट (हिरडी आणि दात यांमधली फट) पुन्हा खोल. पॉवर वाढवू की फ्लॅप (हिरडी उघडून शस्त्रक्रिया) करू?

दंतवैद्य_जुळेसोलापूर
रुग्ण स्त्री, वय ५४, विडी कामगार. सकाळ-संध्याकाळ मिश्री. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.१. खालच्या दाढांना ६ ते ८ मिमी पॉकेट, ४६ला (खालची उजवी पहिली मोठी दाढ) ग्रेड २ फर्केशन (मुळांच्या फाट्यामधलं हाड झिजलेलं), पुढच्या दातांना ४-५. एकाच बैठकीत अल्ट्रासोनिक स्केलिंग केलं आणि लगेच ९८० नॅनोमीटर डायोड मारला: ३०० मायक्रॉनचं फायबर, टोक इनिशिएट केलेलं (काळा थर बसवून तापतं केलेलं), २ वॅट कंटिन्युअस, प्रत्येक पॉकेटला साधारण ३० सेकंद. टोक दरवेळी काळं पडतं. ४६चं ८ मिमी सहा आठवड्यांनी ५ वर आलं, तिसऱ्या महिन्यात परत ७, तेही रक्तासकट. पुन्हा लेझर करताना पॉवर वाढवावी का?

पेरिओ_होटगीरोड
वाढवू नका. २ वॅट कंटिन्युअस पॉकेटच्या आत आधीच जास्त आहे.

मूळ अडचण लेझरच्या आधीची दिसते. ९८० चा प्रकाश मेलॅनिन आणि हिमोग्लोबिन शोषतात. मुळावर घट्ट बसलेल्या कॅल्क्युलसवर (खड्यावर) त्याचा उपयोग नाही, तो काढायची ताकद अर्बियम याग २९४० या दुसऱ्या लेझरमध्ये असते. म्हणजे तुमच्या केसमध्ये मूळ किती साफ झालं हे फक्त स्केलरवर ठरलं. आणि ८ मिमीचं पॉकेट, त्यात फर्केशन, तेही रक्त वाहत असताना एकाच बैठकीत नुसत्या अल्ट्रासोनिकने पूर्ण साफ होणं फार अवघड. सहा आठवड्यांचा ५ हा आकडा बराचसा सूज उतरल्याचा. वरून हिरडी आकसून घट्ट होते, आत खडा तसाच राहतो, आणि सूज परतली की प्रोब (पॉकेट मोजायची सळई) पुन्हा खोल जातो. प्रोबवरचा दाबही तपासा, २०-२५ ग्रॅमच हवा. सुजलेल्या हिरडीत जोर दिला तर दीड-दोन मिमी फुकट मोजले जातात.

माझा क्रम असा राहील. २ टक्के लिग्नोकेन (बधिर करायचं इंजेक्शन) देऊन एका बाजूच्या वरच्या-खालच्या दाढा एका बैठकीत. अल्ट्रासोनिकनंतर ग्रेसी ११/१२ आणि १३/१४ क्युरेट (मूळ खरवडायची हत्यारं) मुळावर फिरवायचेच. मग ११/१२ एक्सप्लोररने मूळ चाचपायचं. खरखर लागली तर लेझरचं नावही काढायचं नाही, परत क्युरेट. सलाईनने धुवायचं, गॉजने दाबून रक्त थांबवायचं. रक्तात टोक बुडालं की रक्त तिथेच जळून चिकटतं, मग प्रकाश पुढे न जाता टोकच तापतं. तुमचं टोक काळं पडतं त्याचं कारण हेच. ती उष्णता मुळाला आणि हाडाला लागते, आणि हाड ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी त्याला इजा होते.

यानंतर लेझर करायचाच असेल तर ०.८ ते १ वॅट सरासरी, पल्स मोडमध्ये. सरासरी म्हणतोय, कारण स्क्रीनवर पुष्कळदा पीक पॉवर दिसते: २ वॅट पीक आणि निम्मा वेळ चालू म्हणजे सरासरी १. ६ मिमीचं पॉकेट असेल तर फायबरवर ५ मिमीची खूण. टोक मुळाला समांतर, रोख हिरडीच्या भिंतीकडे, हात सतत हलता. एका जागी १५-२० सेकंद पुरेत. आपल्याकडे हिरड्या गडद असतात, मेलॅनिन जास्त, त्यामुळे ताप लवकर चढतो. पुस्तकातला आकडा थोडा खालीच घ्या.

लेझर_टेक्निशियन_सातरस्ता
टोकाबद्दल. नुसतं जंतू कमी करायचे असतील तर इनिशिएट न केलेलं टोक घ्या. आतली ग्रॅन्युलेशन (सुजलेला मऊ मांसल थर) काढायची असेल तरच आर्टिक्युलेटिंग पेपरवर टेकवून इनिशिएट करायचं. दर ५-१० सेकंदांनी ओल्या गॉजने पुसा. काजळी पुसून जात नसेल तर तेवढा तुकडा क्लीव्हरने सरळ कापून टाका. कात्रीने कापू नका, काच चिरते आणि प्रकाश वाकडा फुटतो. चष्मा रुग्ण, डॉक्टर आणि असिस्टंट तिघांनाही, आणि काचेवर ९८० लिहिलेलं पाहूनच घ्या. ८१० चा चष्मा इथे चालेलच असं नाही. धूर निघतो, म्हणून हाय व्हॅक्युम सक्शन टोकाजवळ आणि एन-९५ मास्क.

दंतवैद्य_जुळेसोलापूर
धन्यवाद. रुग्णाच्या मुलाने ‘टाके नाहीत, दुखत नाही, हाड परत येतं’ अशी जाहिरात वाचली आहे, त्यांना लेझरच हवंय. काय सांगू?

पेरिओ_होटगीरोड
खरं तेच सांगा. हाड परत येण्याचा दावा लॅनॅप या ठराविक पद्धतीचा. ती एनडी याग १०६४ लेझरवर चालते आणि अमेरिकेच्या एफडीएने तिला २०१६ मध्ये पुनर्निर्मितीसाठी मान्यता दिली. डायोडला तो दावा लावणं ही रुग्णाची फसवणूक आहे. युरोपियन पेरिओ फेडरेशनच्या २०२० च्या मार्गदर्शिकेने तर स्केलिंगला जोड म्हणून लेझर वापरू नये असंच सुचवलं आहे. मिळालाच तर फायदा मिलिमीटरच्या आतला.

४६ला खरं तर फ्लॅप उघडून फर्केशन स्वच्छ करायला हवं, दोष योग्य असेल तर तिथे पुनर्निर्मितीचाही विचार होतो. पण एचबीए१सी ९.१ वर आणि मिश्री चालू असताना टाके घालू नका, जखम नीट भरत नाही. आधी त्यांच्या फिजिशियनशी बोलून एचबीए१सी ८ च्या खाली आणा. हिरड्यांचा उपचार नीट झाला तर एचबीए१सीसुद्धा तीन-चार महिन्यांत साधारण ०.४ ने उतरते, हे फिजिशियनलाही सांगा. मिश्री ‘कमी करा’ म्हणू नका, बंद. तंबाखूने रक्त कमी येतं, म्हणून रुग्णाला आजार बरा वाटतो. ब्लड प्रेशरला अॅम्लोडिपिन चालू आहे का तेही विचारा, त्याने हिरडी फुगते.

दातांची_निगा_अशोकचौक
घरी पाठवताना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. पहिले ५-७ दिवस कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बंद, कूट थेट पॉकेटच्या तोंडाशी अडकतं. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, मऊ भात, पातळ आमटी चालेल. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन १० मिली, दिवसातून दोनदा, दोन आठवड्यांपर्यंतच. पेस्टने दात घासल्यावर अर्ध्या तासाने, नाहीतर गुण कमी होतो. डाग पडतात हे आधीच सांगा, नाहीतर बाटली अर्ध्यात सुटते. दाढांमध्ये दोरा पुरत नाही. इंटरडेंटल ब्रश जरा घासत आत जाईल त्या मापाचा द्या आणि आरशासमोर त्यांच्याच हाताने एकदा करून घ्या. गारेगार पाणी काही आठवडे झोंबेल, दातही लांब दिसतील. हे न सांगितल्याने पुष्कळ बायका दुसऱ्या भेटीला येतच नाहीत. पुढची चार्टिंग (पॉकेटची मोजणी) सहा आठवड्यांच्या आत करू नका, आणि तीन महिन्यांनी ६ मिमी रक्तासकट राहिलंच तर लेझर पुन्हा नको, सरळ पेरिओकडे (हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे) पाठवा.