गुलाबाचे फुटवे खराट्यासारखे झालेत, व्हायरस असेल का?

गच्चीवरची बाग, जळगाव
नमस्कार मंडळी, गच्चीवर माझ्या ११ कुंड्या आहेत आणि खाली कंपाउंडला लागून ४ गुलाब. ऑक्टोबरात छाटणी केली, बाकी सगळे मस्त फुटले पण भिंतीजवळच्या एकाला एकाच जागेतून १०-१२ फुटवे आलेत, बारीक बारीक, अगदी खराटा, आणि पानं सुतळीसारखी. काल यूट्यूबवर अमेरिकेतला तो रोझ रोझेट नावाचा गुलाबाचा व्हायरस-रोग बघितला आणि झोपच उडाली, कारण तीच कात्री मी सगळ्या झाडांना लावलीये. उपटून टाकू का? आणि वरच्या एका लाल गुलाबाच्या पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा आहेत, तो पण हाच रोग का?

आंबट ताक
ताक आणि हिंगाचं पाणी मारा, आमच्याकडे सगळ्यावर चालतं.

केळीवाला, रावेर
ताई, घाबरानं काम नही शे. आधी पान उलटं करून किडे बघा. आमच्या केळीत हरण्या रोग येतो ना, सीएमव्ही म्हणजे काकडीच्या मोझॅक व्हायरसचा, तो मावा घेऊन येतो, शेजारी काकडी भोपळा असला की तिकडून इकडे. गुलाबातही असाच कोणीतरी आणणारा असेल. ताकाचं राहू द्या, त्याची कढी करा 😄

माती आणि कात्री, धुळे
केळीवाले भाऊ बरोबर बोलले, फक्त गुलाबात प्रत्येक व्हायरसचा वाहक वेगळा. रोझेटचा व्हायरस एक अगदी बारीक कोळी पसरवतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतच नाही, त्याला पंख नाहीत पण वाऱ्यावर वाहत जातो आणि कोवळ्या शेंड्यात, कळीत लपून बसतो. तिकडे रोग १९४० च्या आसपासपासून दिसतोय, व्हायरस मात्र २०११ ला सापडला. आणि फक्त तिकडचाच समजू नका, २०१७ ला भारतातल्या बागेतल्या गुलाबांवरही तो सापडल्याचं छापून आलंय. औषध नाही, झाड मुळासकट काढून पिशवीत बांधून टाकायचं, तिथल्या तिथे झटकायचं नाही नाहीतर कोळी शेजारच्या झाडावर.

पण ताई, लाल फुटवा बघून घाबरू नका, गुलाबाची कोवळी पालवी लालच असते, ती मोठी झाली की हिरवी होते, रोझेटमध्ये लाल तशीच राहते. शिवाय फांदी जाड, लिबलिबीत, आणि तिच्यावर काट्यांची नुसती गर्दी. तुमच्या फांदीवर काटे किती आहेत? आणि जवळपास कोणी तणनाशक मारलंय का? ग्लायफोसेट लागलं तरी पानं अशीच सुतळी होतात.

पिवळ्या रेघांचं वेगळं, तो मोझॅक नावाचा दुसरा व्हायरस-रोग वाटतोय. तो डोळा भरताना येतो, म्हणजे एका गुलाबाचा डोळा दुसऱ्याच्या खुंटावर बसवून कलम करताना, खुंट किंवा डोळा आजारी असला की तयार होणारं प्रत्येक कलम आजारी. कात्रीने सहसा पसरत नाही. पानं वाटीसारखी वळून चुरडामुरडा झाली असती तर मी पांढरी माशी शोधा म्हटलं असतं, लीफ कर्लचा व्हायरस ती आणते. आणि नुसती पानं आकसून तपकिरी झाली तर बऱ्याचदा फुलकिडे निघतात, व्हायरस नसतोच.

केळीवाला, रावेर
मोझॅक उष्णतेने जातो म्हणतात, मग मे महिन्यात आमच्याकडे ४५ जातं, सगळे व्हायरस मेले पाहिजेत की.

माती आणि कात्री, धुळे
😂 ते झाड बंद खोलीत ३८ डिग्रीला सलग चारेक आठवडे ठेवतात आणि मग त्यातून निरोगी डोळा काढतात. आपल्या गच्चीवर व्हायरसच्या आधी झाड जातं. उन्हाळ्यात रेघा दिसेनाशा होतात म्हणून लोकांना वाटतं बरं झालं, थंडी पडली की परत.

गच्चीवरची बाग, जळगाव
आत्ता टॉर्च घेऊन बघून आले. काटे नेहमीएवढेच, फांदी कडक, लाल अजिबात नाही. आणि भिंतीपलीकडे मोकळा प्लॉट आहे तिथलं सगळं गवत पिवळं पडलंय, आमच्या बाजूची तुळस पण वाकडी झालीये. शेजारच्यांना विचारलं तर म्हणे दसऱ्याच्या आधी गाजरगवतासाठी पंप फिरवला होता, त्या दिवशी वारा होता का ते त्यांना आठवत नाही. मला आठवतंय, माझे कपडे उडून त्यांच्याच प्लॉटवर गेले होते.

माती आणि कात्री, धुळे
मग सापडलं, वाऱ्याने उडून आलेलं तणनाशकच. खराटा जिथून निघालाय तिथून चार बोटं खाली चांगल्या लाकडात कापा, पाणी द्या, महिनाभर खत नको आणि थांबा. पुढचा फुटवा सरळ आला तर झाड वाचलं, लाल आणि काटेरी आला तर फोटो टाका. मोझॅकवालं फुलतंय तोवर ठेवा, फक्त त्याच्या काड्या कोणाला देऊ नका.

गच्चीवरची बाग, जळगाव
अहो, दिवाळीत अमळनेरच्या वहिनीला त्याच्याच सहा काड्या दिल्यात, आणि तिने त्या डोळे भरायला तिच्या मैत्रिणीला. आता फोन लावते.